वाचनालयाचा तळमजला

मला गल्लीत सगळे मेट्रन म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, एवढी छाती कुणाची नाही, पण मी पाठ फिरवली की म्हणतात आणि माझे कान अजून शाबूत आहेत. उभं आयुष्य हॉस्पिटलात काढलं, वॉर्ड सांभाळला, पण मेट्रन काही झाले नाही. ते पद तुझ्या तोंडामुळे हुकलं, असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. त्याला काय जातंय म्हणायला. आमच्या वाचनालयाचं जे काही झालं ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोक आपापल्या सोयीने भलतंसलतं सांगत फिरतात, म्हणून म्हटलं, जसं घडलं तसं एकदा मीच सांगून टाकते.

वाचनालय आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पालिकेची जुनी इमारत, वर वाचनालय आणि खाली पालिकेचं गोदाम. गोदामात काय, तर मोडके दिवे, गंजलेल्या खुर्च्या आणि उंदीर. वर जायला एकच जिना, अरुंद आणि उभा, मध्येच वळणारा. भाऊ धडधाकट होता तेव्हा तो जिना पळत चढायचा. घरं रंगवायचं काम करायचा तो. संध्याकाळी काम सुटलं की हातावरचा रंग पुसून थेट वाचनालयात, आणि दिवे घालवायची वेळ झाली की घरी. मग एका कामावर परांचीची फळी सरकली आणि तो खाली आला. कमरेखालचं सगळं गेलं. बायको आधीच वारलेली, पदरी मूल नाही. मी त्याला माझ्या घरी आणलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

आणि मी त्याला कसा सांभाळलाय ते कुणीही येऊन बघावं. इतकी वर्षं खुर्चीत आहे, पण पाठीवर एक फोड नाही. औषधं वेळच्या वेळी, कूस बदलणं वेळच्या वेळी, पाणी मोजून. गार वारा सुटला की गुडघ्यांवर पांघरूण. पायांना काही कळत नाही म्हणून काय झालं, थंडी लागायची ती लागतेच. खिडकीपाशी त्याची खुर्ची, हाताशी टेबल, टेबलावर घंटी. हाक मारायचाही त्रास नको. हॉस्पिटलात पैसे मोजून असं मिळत नाही.

पुस्तकं मात्र मी आणायची, आणि तिथे माझं गाडं अडायचं. मला त्यातलं काडीचं कळत नाही. तो स्वतः जायचा तेव्हा म्हणे कपाटापाशी उभा राहून पुस्तक मध्येच कुठेतरी उघडायचा, एक पान वाचायचा आणि ठरवायचा. मी अक्षर मोठं आहे का, पानं सुटलेली नाहीत ना, एवढंच बघायचे. एकदा मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक आणलं. एकदा कुठल्याशा कादंबरीचा दुसरा भाग आणला, पहिला वाचनालयात नव्हताच. तो मुकाट्याने वाचायचा आणि मिटून ठेवायचा. मलाच राग यायचा. अरे, नको तर नको म्हण, बदलून आणते. तर म्हणायचा, चालतंय की ताई.

अशात पालिकेने जिन्यापाशी सूचना लावली. खालचं गोदाम हलवायचं आणि वाचनालय तळमजल्यावर वाढवायचं, असा विचार चालू आहे, रहिवाशांनी आपली मतं मांडावीत. दारापर्यंत उतार करणार असंही त्यात होतं. मी ती सूचना तिथेच उभी राहून परत परत वाचली. उतार झाला म्हणजे खुर्ची आत जाणार. भाऊ स्वतः कपाटापाशी जाणार, स्वतः पान उघडून बघणार. माझ्या डोक्याचा ताप गेला. मी घरी येऊन त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा असा काही उजळला की तसा मी अपघातानंतर बघितलाच नव्हता. त्याने घंटी टेबलावरून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि टेबलावर कोपरं टेकून बराच वेळ खिडकीतून दिसणाऱ्या त्या इमारतीकडे बघत बसला.

आता मतं मांडायची सभा यांनी ठेवली कुठे, तर वरच, वाचनालयात. ज्याला जिना चढता येत नाही त्याच्यासाठी खाली खोली करायची की नाही, हे जिना चढून येणाऱ्यांनी ठरवायचं. यांच्या अकलेचे काय वाभाडे काढावेत. भाऊ म्हणाला, मला यायचंय. म्हटलं, तुला चार माणसं उचलून नेणार, त्या वळणावर कुणाचा हात सुटला तर? तुझं मत मला माहीत आहे, मी सांगते.

"काय सांगशील?" त्याने विचारलं.

"पुस्तकं हवीत म्हणून सांगेन. आणखी काय सांगायचंय?"

तो खिडकीकडे वळला. मी पांघरूण नीट केलं आणि गेले.

सभेला गल्ली लोटली होती. एरवी वाचनालयात कुत्रं फिरकत नाही म्हणणारेही आले होते. ग्रंथपाल एका कोपऱ्यात उभे. हाडाचे सज्जन, पण माणूस असा की स्वतःचं नाव सांगतानाही कुजबुजतो. एकेकाने मतं मांडायला सुरुवात केली. अभ्यासाला येणाऱ्या पोरांना फोन लावायला जागा हवी होती. एका आईला लहान मुलांसाठी वेगळा कोपरा हवा होता, म्हणजे तिला तासभर डोळा लागेल. टेलरला संडास हवा होता, आणि त्याने ते इतक्या कळकळीने सांगितलं की कुणाला हसायचं धाडस झालं नाही. शेजारच्या केमिस्टाने सरळच सांगितलं की आजकाल वाचतं कोण, सगळं फोनवर आहे, त्यापेक्षा गोदाम हलवून गाड्या लावायला जागा करा. त्याच्या दुकानासमोर गिऱ्हाइकांच्या स्कूटरी उभ्या राहतात आणि रोज भांडणं होतात, हे खरं आहे. पण म्हणून काय वाचनालयावर गाड्या लावायच्या? मी त्याला तिथेच झाडला. म्हटलं, तुझ्या दुकानात येतात ते सगळे आजारी, त्यांना पायी चालू दे, बरे होतील. लोक हसले आणि तो लालबुंद झाला. मग मी माझ्या भावाचं सांगितलं. त्याला पुस्तकं लागतात, तो वर येऊ शकत नाही, मी आणते ती त्याच्या मनासारखी नसतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. पालिकेच्या कारकुनाने सगळं लिहून घेतलं आणि जाताना सांगितलं की वरच्या मॅडम स्वतः पाहणीला येतील. वाचनालयाचा वापर किती होतो, जागा खरंच कमी पडते का, ते बघतील आणि मग ठरेल.

झालं. कारकून गेल्यावर मास्तर उभे राहिले. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक, अजून सगळ्यांना वर्गातच बसवतात. त्यांनी युक्ती काढली. म्हणाले, पाहणीच्या आधी प्रत्येक सभासदाने आपल्या कार्डावर मिळतील तेवढी पुस्तकं घरी न्यायची. नोंदी बघितल्या की मॅडमचे डोळे पांढरे होतील. इतकं वाचणारी गल्ली, हिला जागा दिलीच पाहिजे, असं त्यांना वाटायला हवं. टाळ्या पडल्या. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. मास्तरांनी युक्ती काढली आणि ती अमलात आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरोघर जाऊन लोकांना कामाला लावायचं तर मेट्रनशिवाय आहे कोण?

मी दारं वाजवली. ज्याचं कार्ड नव्हतं त्याला काढायला लावलं, ज्याचं हरवलं होतं त्याला शोधायला लावलं. वाचायला वेळ नाही म्हणणाऱ्यांना सांगितलं, वाचायचं कुणी सांगितलंय, न्या आणि उशाला घ्या. टेलर शिवणयंत्राच्या पायाखाली ठेवायला जाड बघून घेऊन गेला. सायकलवाल्याने स्वयंपाकाची नेली आणि बायकोने त्याला त्यावरून ऐकवलं. केमिस्टाच्या बायकोलाही मी सोडलं नाही. नवऱ्याच्या नाकावर टिच्चून तिने पिशवी भरून नेली. रोज जिन्यावर पिशव्या उतरताना दिसायच्या, आणि ग्रंथपालांचे शिक्के मारून हात दुखायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचा आवाज मोठा झाला. चला, पुढचे या, असं म्हणाला तो.

भावाला मी रोज सगळं सांगायचे. तो गालातल्या गालात हसायचा. एक दिवस म्हणाला, "ताई, सगळी पुस्तकं घरोघर गेल्यावर ती बाई वर येऊन बघणार काय?"

म्हटलं, नोंदी बघणार, तू गोळी घे. त्याने गोळी घेतली. माझं तेव्हा डोकं ठिकाणावर असतं तर. पण मला विजय समोर दिसत होता, आणि अशा वेळी मी कुणाचं ऐकत नाही.

पाहणीच्या दिवशी मी भावाला दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून जिन्याच्या तळाशी आणून बसवलं. मॅडम येताना-जाताना त्याच्याकडे बघणारच, असा माझा हिशेब. गुडघ्यांवर पांघरूण घातलं, तिथे बोळातून वारा येतो. आम्ही सगळे वर गेलो. सभेतल्या त्या कारकुनाला घेऊन मॅडम आल्या, वयाने मला लेकीसारख्या, बोलायला गोड. त्यांच्या गोडपणाने मी आधीच सावध व्हायला हवं होतं.

त्या आत आल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. मी त्यांच्याबरोबर त्या खोलीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. कपाटं रिकामी. एका कपाटात दोन शब्दकोश आडवे झालेले, दुसऱ्यात वाळवीने खाल्लेला एक गठ्ठा, बाकी नुसत्या फळ्या आणि त्यांवर धुळीतले चौकोन. आम्ही इतके दिवस जाऊन-येऊन होतो, पण प्रत्येकाचं लक्ष आपल्या पिशवीवर. साऱ्या गल्लीला हे दिसलं नाही, मास्तरांना नाही, मला नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला घरबसल्या दिसलं होतं.

"अरे वा, जागा तर भरपूर आहे की," मॅडम म्हणाल्या. खरंच कौतुकाने म्हणाल्या.

ग्रंथपालांनी नोंदी पुढे केल्या आणि काहीतरी कुजबुजले. मॅडमनी नोंदी बघितल्या. म्हणाल्या, वाचन वाढलंय, खूप छान, पण पुस्तकं लोकांच्या घरीच असणार असतील तर इथे आणखी खोली कशाला? फोन काढून त्यांनी रिकाम्या कपाटांचे फोटो घेतले. मास्तरांनी वाचनसंस्कृतीवर भाषण सुरू केलं आणि मध्येच त्यांचं वाक्य कुठे चाललंय ते त्यांनाच कळेना. केमिस्ट मागे उभा राहून मिशीत हसत होता. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मॅडम, आम्ही मुद्दाम नेलीत पुस्तकं, तुम्हाला दाखवायला नेलीत. आणि हे तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलून बसले. मॅडम गोड हसल्या. म्हणाल्या, म्हणजे एरवी एवढा वापर नसतो. कारकुनाने तेही लिहून घेतलं.

जिना उतरताना मी मास्तरांना काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. ते गृहस्थ मान खाली घालून ऐकत उतरले. खाली भाऊ बसलाच होता. मॅडम त्याच्यापाशी थांबल्या. मी पुढे होऊन सांगितलं, हाच तो माझा भाऊ, सभेत मी याचंच सांगितलं होतं. मॅडमनी कारकुनाच्या कागदावर नजर टाकली आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, यांची अडचण तर सहज सुटेल. घरपोच पुस्तकांची सोय करता येईल, माणूस येऊन देऊन जाईल आणि घेऊन जाईल, यांना घराबाहेर पडायचीही गरज नाही. आजूबाजूचे लोक वा वा म्हणायला लागले. केमिस्ट तर सगळ्यात आधी.

भावाने खुर्चीच्या चाकांवर हात ठेवले आणि खुर्ची थोडी पुढे घेतली.

"मॅडम, पुस्तकं मला मिळतात. ही आणते. पुस्तकांबद्दल माझी काही तक्रार नाही."

"मग तुम्हाला काय हवंय?" मॅडमनी विचारलं.

"मला रोज थोडा वेळ अशा जागी बसायचंय, जिथे मला कोणी सांभाळत नाही."

तेव्हा मी त्याच्या गुडघ्यांवरून घसरलेलं पांघरूण वर ओढत होते. ते हातात धरून मी तशीच वाकलेली राहिले. टेलरने दुसरीकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, मी विचार करते, आणि त्यांची गाडी गेली.

घरी जाताना मी खुर्ची अशी ढकलली की खड्ड्यांची पर्वा केली नाही. सगळ्या रस्त्याने बोलत होते. कोणी सांभाळत नाही म्हणे. मग उचलतं कोण तुला? धुतं कोण? पैसे देऊन ठेवलेल्या एखाद्या बाईने तरी तुझी पाठ अशी ठेवली असती का? गल्लीसमोर माझं नाक कापलंस. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि भांड्यांवर राग काढला. एक पातेलं कायमचं चेपलं. जेवताना तो म्हणाला, ताई, तुला नव्हतं बोलायचं मला. मी म्हटलं, मग कुणाला बोलायचं होतं? त्यावर म्हणाला, मला बोलायचं होतं, एवढंच. तू सभेत माझ्या वतीने बोललीस ना, ते माझं बोलणं नव्हतं. मी ताट उचललं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की ज्याच्यासाठी मी हाडं झिजवली त्याला माझ्यापासून सुटका हवी आहे. आणि वाईट म्हणजे ते खरंच होतं, आणि तरी तो माझ्यावर रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं, भांडता आलं असतं.

पालिकेचा निर्णय आला तो हा. वाचनालयाला सध्या वाढीव जागेची गरज दिसत नाही. गोदाम हलवून तळमजल्यावर वाहनांसाठी जागा करण्यात येईल. रहिवाशांच्या इच्छेनुसार गरजूंना घरपोच पुस्तकं देण्यात येतील. रहिवाशांच्या इच्छेनुसार! कोणत्या रहिवाशाच्या, ते नाव तरी लिहायचं. मी पालिकेत जाऊन आले. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. मॅडम दौऱ्यावर होत्या, त्या नेहमी दौऱ्यावरच असतात. कारकुनाने मला पाणी दिलं आणि सांगितलं की आजी, तुमच्या भावाचं काम तर झालं ना. मी त्याला म्हटलं, आजी असेल तुझी, आणि पाणी तसंच ठेवून आले. गल्लीत कुणालाच काही फरक पडला नव्हता. पोरांनी घरी फोन लावले, आईने मुलांना घरी झोपवलं, टेलर जाऊन यायचा तिथे जाऊन येत राहिला. पुस्तकं हळूहळू परत आली, काही आलीच नाहीत. मास्तर मला बघून दुसऱ्या फुटपाथने जायला लागले.

मग एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर खिडकीपाशी खुर्ची नाही. घरभर बघितलं, घर केवढंसं ते. दार नुसतं ओढलेलं. इतक्या वर्षांत तो एकटा उंबऱ्याबाहेर गेला नव्हता, मी जाऊ दिला नव्हता. केस ओले, पायात दोन वेगवेगळ्या चपला, अशी मी रस्त्यावर धावले. केमिस्टाला विचारलं, त्याने हाताने वाचनालयाकडे दाखवलं.

जिन्याच्या खाली, बोळात, जिथे सायकली लावतात, तिथे तो बसला होता. ग्रंथपालांनी वरून एक लहान टेबल आणून दिलेलं. टेबलावर वर्तमानपत्र. सदऱ्याच्या बाह्या चाकांच्या धुळीने काळ्या झालेल्या, तळहात सोललेले. बोळातून वारा येत होता आणि त्याच्या गुडघ्यांवर काही नव्हतं. जिन्यावरून येणारे-जाणारे त्याला काहीतरी विचारत होते, तो काहीतरी उत्तर देत होता आणि हसत होता. कुणाला तरी त्याने पेन मागितलं. मी तोंड उघडलं. वॉर्डात ज्या आवाजाने मी डॉक्टरांना पळवायचे तो आवाज घशापर्यंत आला होता.

"घरी जा, ताई," तो म्हणाला. "जेवायला येतो मी."

मी घरी आले. येऊन काय करायचं ते मला कळेना. पाणी मोजायला कुणी नव्हतं. मी भिंतींना शिव्या दिल्या, पालिकेला दिल्या, त्या जिना बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांना दिल्या. जेवायच्या वेळी दारात खुर्चीचा आवाज आला. घामाने निथळत होता आणि त्याला जाम भूक लागली होती. तळहातांना मलम लावू दिलं त्याने, तेवढं दिलं. मग रोजचंच झालं. तो जायचा, मी दार लावून घ्यायचे आणि खिडकीकडे जायचं नाही असं स्वतःला बजावायचे.

गाड्यांच्या जागेचं काम सुरू व्हायची वेळ आली तेव्हा पालिकेने माणसं पाठवली. गोदाम रिकामं करायचं आणि बोळही मोकळा करायचा, कारण गाड्या तिथून आत जाणार. मी त्या वेळी केमिस्टाकडे भावाच्या गोळ्या घेत होते. समोर टेम्पो लागलेला. दोघं-तिघं उतरले, मोडके दिवे नि खुर्च्या बाहेर काढायला लागले, आणि मग त्यांच्यातला मुकादम बोळात शिरला आणि भावासमोर उभा राहिला. टेबलाकडे बोट दाखवत होता. गोळ्या तिथेच टाकून मी रस्त्यात उतरले. आज एकेकाला दाखवते म्हटलं, पालिका काय नि मुकादम काय.

भावाने मला बघितलं. त्याने हात वर केला, तळवा माझ्याकडे. नको.

मी रस्त्याच्या मधोमध थांबले. एक स्कूटर माझ्याभोवतीने शिव्या घालत गेली. मागून केमिस्ट दुकानाबाहेर आला. ज्याला ती जागा गाड्यांसाठी हवी होती, तोच हा केमिस्ट. म्हणाला, "मेट्रन, बघताय काय? जा की. तुमचं एक वाक्य पुरे आहे त्यांना."

"त्याने नको म्हटलंय," मी म्हणाले.

केमिस्टही माझ्याशेजारी उभा राहिला. तोंडाशी आलेलं एकेक वाक्य मी गिळत होते. इतकं गिळायची मला सवय नाही. मुकादमाने माणसाला खूण केली. भावाने टेबलावरचं पुस्तक स्वतः उचललं, मांडीवर घेतलं आणि त्यांना हाताने सांगितलं की न्या. त्यांनी टेबल उचलून टेम्पोत टाकलं. खुर्चीला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. बोळाच्या मधोमध ती खुर्ची, दोन्ही बाजूंनी गोदामाचं सामान येत-जात होतं, आणि त्याने मांडीवर पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. मुकादम जरा वेळ तिथेच उभा राहिला. मग वाकून त्याने भावाला काहीतरी विचारलं. भावाने मान वर करून काहीतरी सांगितलं. मुकादमाने माणसांना हाक मारली, बाकीचं सामान टेम्पोत चढवलं आणि टेम्पो निघून गेला. खुर्ची होती तिथेच होती.

तो काय बोलला ते मला रस्त्यापलीकडे ऐकू आलं नाही. जेवायला आला तेव्हा मी त्याला वाढलं, आणि विचारलं नाही.